बांगडीतला ओळंबा

जुलैमधल्या त्या दुपारी 'नीलतरंग'मधली झाडून सगळी माणसं जिने उतरून रस्त्यावर आली, तेव्हा अनुपमा केळुसकर कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना वाऱ्याबद्दलच शिकवत होती. शिपाई दारात आला आणि म्हणाला, "मॅडम, ऑफिसात तुमच्या भावाचा फोन आहे. अर्जंट म्हणतायत."

सहदेव सहसा ओरडून बोलायचा नाही. टेलिफोन खात्यातला माणूस, फोनवर हळूच बोलायची सवय. त्या दिवशी मात्र तो ओरडत होता.

"अनू, बिल्डिंग हलतेय. सगळे खाली आलोय आम्ही. आईपण. तू ये."

"कुणाला लागलंय का?"

"नाही गं. पण तू ये आधी."

अनुपमा आर्किटेक्चर शिकवायची, आणि त्यातही तिचा खास विषय उंच इमारती आणि त्यांच्यावरचा वारा हा होता. त्यावर तिने डॉक्टरेट केली होती. कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये प्लायवूड आणि मोठा एक्झॉस्ट पंखा लावून मुलांकडून वाऱ्याचा बोगदा बांधून घेतला होता, आणि त्यात ढोपराएवढ्या लाकडी इमारती ठेवून ती धुराच्या रेघा बघत बसायची. स्टाफरूममध्ये तिला 'हवामान खातं' म्हणत. उपनगरात तेव्हा चार मजल्यांवर कुणी फारसं जातच नव्हतं, त्यामुळे तिचा विषय लोकांना जरा हौशी वाटायचा. मग अंधेरीच्या पश्चिमेला, वर्सोव्याकडच्या दलदलीत भराव पडले आणि बघता बघता टॉवर उभे राहायला लागले. सहदेवने त्यातल्याच एकात, सोळा मजल्यांच्या 'नीलतरंग'मध्ये, पंधराव्यावर जागा बघितली आणि नकाशे घेऊन बहिणीकडे आला. तिने ते आठवडाभर ठेवून घेतले, नीट तपासले आणि सांगितलं, "घे दादा. चांगली आहे."

गेल्या दिवाळीनंतर ती माणसं राहायला गेली. हा त्यांचा तिथला पहिलाच पावसाळा.

रिक्षातून उतरली तेव्हा वारा पदर ओढून नेत होता. समोरच्या दुकानांच्या वळचणीला बिल्डिंगमधली शंभरएक माणसं दाटीने उभी होती. कुणी अनवाणी, कुणाच्या कडेवर मूल, एका काकांच्या तोंडाला अजून दाढीचा साबण. तिची आई सोनूबाई किराणा दुकानाच्या पायरीवर बसली होती. शेजारी सहदेवची बायको प्रेमा.

"घर घेवा म्हणान तूच सांगलंस मा गो?" आईने तिला बघताच विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

"काय झालं नीट सांग."

प्रेमाने सांगितलं. आठवडाभर वारा चढला की वरून आवाज यायचा, शंख फुंकल्यासारखा. मग भांडी वाजायची, कपाटाची काच थरथरायची. आज तो आवाज इतका वाढला की सोळाव्यावरच्या बाई ओरडत बाहेर आल्या, त्यांच्या पाठोपाठ एकाच्या खिडकीची काच फुटली आणि मग कोण कशाला थांबतंय!

"देवचार हाका मारता थंय," सोनूबाई म्हणाल्या. "जागेचो मालक तो. त्याका इचारल्याशिवाय इतक्या वर चढलो आपण."

तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी बेसिल मिरांडा गर्दीतून वाट काढत आला. मरोळच्या गावठाणातला, विमानतळावर नोकरीला, सहदेवच्या समोरच्याच दारात राहणारा. त्याची बायको एथेल मागे रिक्षात बसली होती, पोटावर हात ठेवून. तिला आठवा महिना होता.

"अनुपमाताई, बरं झालं तुम्ही आलात," बेसिल म्हणाला. "बिल्डरचा माणूस म्हणतो काही नाही, आराम से जाओ. त्याचं कोण ऐकणार? तुम्ही वाऱ्याच्या डॉक्टर ना? तुम्ही सांगा. वर जायचं की नाही?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. 'जा' म्हणणं सोपं होतं. नकाशे तिने बघितले होते. पण नकाशाप्रमाणेच बांधलंय हे तिला कोणी सांगितलं होतं?

"बघितल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही," ती म्हणाली.

बेसिलचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हालाही खात्री नाय?"

"आत्ता नाही. खोटं कशाला बोलू?"

रिक्षातून एथेल म्हणाली, "बेसिल, मी मम्माकडे चालले. ह्या बाय सांगतील तेव्हाच येईन मी, तू कितीपण बोलव." आणि रिक्षा मरोळच्या वाटेला लागली.

सहदेवला घेऊन अनुपमा जिन्याने वर गेली. दहाव्या मजल्यापर्यंत काहीच नव्हतं, नुसता पावसाचा आवाज. बाराव्यावर तिला तो ऐकू आला. लांबलचक, घशातून काढल्यासारखा, मध्येच चढणारा आणि मध्येच मोडणारा. पंधराव्यावर घरात शिरली तर मांडणीवरचे पेले एकमेकांवर किणकिणत होते. तिने भिंतीला तळहात लावला. भिंत थरथरत होती, अगदी बारीक, मांजराच्या पाठीसारखी. तुळई आणि विटांच्या भिंतीमध्ये केसाएवढी भेग होती. तशी भेग कुठल्याही नव्या घरात पडते, हे ती मुलांना दरवर्षी सांगायची. आज ती भेग तिने तीनदा निरखून पाहिली.

"काय वाटतं?" सहदेवने विचारलं.

"मोजायला हवं."

"म्हणजे?"

"म्हणजे दादा, मला वाटून उपयोग नाही."

आयुष्यभर तिने वारा बघितला होता तो ढोपराएवढ्या लाकडी ठोकळ्यांवर. ठोकळा पडला तर उचलून परत ठेवायचा. इथे आई राहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलुंडला गेली. इमारतीच्या सांगाड्याचं गणित ज्यांनी केलं होतं ते शरच्चंद्र रांगणेकर तिथे राहत. सत्तरीचे, आखडलेले, दम्याने बेजार. तिला वाटलं होतं चिडतील. उलट त्यांनी चहा मागवला आणि सगळे कागद तिच्यापुढे टाकले.

"प्रत्येक स्लॅबला मी स्वतः उभा होतो," ते म्हणाले. "सळई चोरलेली नाही, सिमेंट चोरलेलं नाही. माझ्याकडून मी छातीठोक सांगतो. पण बाई, मी तर तसंच सांगणार. तुम्ही मोजा. असल्या वाऱ्यात माथा बोटभर, एका बोटाच्या जाडीएवढा, सरकला पाहिजे. दोन बोटं सरकला तर मला फोन करा. आणि त्याहून जास्त सरकला तर फोन करत बसू नका, माणसं बाहेर काढा."

त्या दोघांनी मिळून मोजायची रीत ठरवली, आणि ती अगदी जुनी होती. ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तोच. फक्त सोळा मजल्यांचा.

जिन्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत पोकळी होती. सहदेवने वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून मासेमारीचा जाड नायलॉनचा दोरा आणला. सोळाव्या मजल्याच्या कठड्याला आडवा पाइप बांधून तो दोरा खाली सोडला आणि तळमजल्यावर त्याला वाण्याकडचं पाच किलोचं वजन बांधलं. वजन लोंबकळत झुलत राहू नये म्हणून ते गॅरेजमधल्या जुन्या ऑइलच्या बादलीत बुडवलं. जिन्याच्या खिडक्यांना प्लॅस्टिकचे कागद ठोकले, नाहीतर झोताने दोराच हलला असता. मग बादलीवर एक लाकडी पट्टी आडवी टाकून अनुपमाने प्रेमाला विचारलं, "वहिनी, तुझी एखादी मोठी बांगडी आहे?"

प्रेमाने हिरवी काचेची बांगडी दिली. अनुपमाने ती पट्टीवर अशी चिकटवली की दोरा बरोबर तिच्या मध्यातून जाईल; तिथून काच चहूबाजूंनी दोन बोटांवर होती.

त्या संध्याकाळी खालच्या पार्किंगमध्ये लोखंडी खुर्च्या टाकून सोसायटीची सभा भरली. निम्मी माणसं नातेवाइकांकडे गेली होती, तीही आली. बेसिलने सुरुवातीलाच विचारलं, "एक साधा प्रश्न. बिल्डिंग हलते की नाही?"

"हलते," अनुपमा म्हणाली.

एकच गलका झाला. कुणी उठलं, कुणी बिल्डरच्या नावाने शिव्या दिल्या. "वाट लागली आपली!" मागून एकजण ओरडला. सहदेवने डोक्याला हात लावला.

"थांबा. ऐकून घ्या." तिने आवाज चढवला, वर्गात तिला तो कधी चढवावा लागत नसे. "कुठलीही उंच इमारत वाऱ्यात हलते. हलायलाच पाहिजे. माड वाकतो म्हणून उभा राहतो ना? न हलणारी उंच इमारत कुणी तुम्हाला विकायला आला तर घेऊ नका. प्रश्न हलते का, हा नाहीच. किती हलते, आणि वारा पडल्यावर परत जागेवर येते का, हा आहे. ते मी आज सांगू शकत नाही. पण तुम्ही सगळे बघू शकता. तो दोरा जिन्याच्या वरच्या टोकाला बांधलाय. बिल्डिंगचा माथा जेवढा सरकेल तेवढा दोरा सरकेल. दोरा बांगडीच्या काचेला टेकला तर मी स्वतः दारोदार जाऊन माणसं बाहेर काढीन. नाही टेकला, तर तुमचं घर तुमचं आहे."

"आणि तुम्ही कुठे असणार?" साबणवाल्या काकांनी विचारलं. आज त्यांची दाढी पूर्ण झाली होती.

"पंधराव्यावर. आईबरोबर. कॉलेजातून रजा घेतलीय मी."

पुढचे काही दिवस 'नीलतरंग'मधली माणसं येता-जाता बादलीपाशी थांबू लागली. दुधाची पिशवी हातात घेऊन बघत, ऑफिसची बॅग खांद्याला लावून बघत. बायका स्वयंपाक टाकून खाली येत. "कुठवर आला?" "अर्धं बोट." "सकाळी तर मधे होता!" "अहो, वारा पडला होता तेव्हा." कुणी दोऱ्याला हात लावू नये म्हणून वॉचमनने तिथेच स्टूल मांडलं. वारा चढला की दोरा जमिनीकडच्या बाजूला, म्हणजे समुद्राच्या उलट, जरासा सरके. वारा पडला की पुन्हा मध्यावर येई. दर वेळी येई. हे परत येणं अनुपमाला सगळ्यात जास्त हवं होतं, आणि दर वेळी ते होताना बघून तिच्या खांद्यातली एक गाठ सैल होई.

मग तो मोठा वारा आला. रेडिओवर मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणून सांगत होते. दुपारी खाडीवरून आभाळ काळं होऊन आलं आणि खिडक्या धडधडायला लागल्या. अनुपमा खाली बादलीपाशी उकिडवी बसली. भोवती वीस-पंचवीस माणसं वाकून बघत होती. दोरा मध्य सोडून निघाला. अर्धं बोट. पाऊण. बाहेर कुठेतरी पत्रा उडाल्याचा आवाज झाला. दोरा पूर्ण बोटभर सरकला, आणि थांबला. बांगडीची काच अजून लांब होती. एक झोत गेला, दुसरा आला. दोरा बोटाच्या पुढे गेला नाही.

"रांगणेकरांनी बोटभरच सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि ते वाक्य बेसिलने मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. साबणवाले काका टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच. कोणीतरी दोऱ्याला नमस्कारही केला.

ती धावत वर गेली. आईला सांगायचं होतं. सोनूबाई मांडणीपाशी उभ्या होत्या, दोन्ही हातांनी पेले धरून.

"आई, बिल्डिंग भक्कम आहे. मी डोळ्यांनी बघितलं."

"बरा झाला," आई म्हणाली. "मग माझी भांडी कित्याक वाजतत?"

अनुपमा थबकली. प्रश्न बरोबर होता. आठवडाभर ती दोऱ्याकडे बघत होती आणि भांड्यांचा आवाज हा त्याच हलण्याचा भाग धरून चालली होती. पण तसं होतं का? तिने सहदेवला जिन्यात उभं केलं आणि खाली बेसिलला. मजल्या-मजल्यावर माणसं उभी राहिली आणि निरोप ओरडून खालीवर जाऊ लागले.

"वाजतायत!" वरून प्रेमा.

"दोरा मध्यावर आलाय!" खालून बेसिल.

थोड्या वेळाने पुन्हा, "दोरा सरकला, बोटभर!"

आणि वरून, "भांडी गप्प!"

वारा तेव्हा फिरून थेट समुद्रावरून येत होता, पहिल्यापेक्षा जोरात, आणि तरी भांडी गप्प होती. तो जरा दक्षिणेकडे कलला, मंदावला, तर पुन्हा तो हुंकार आणि पुन्हा किणकिण. बाराव्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, आमच्याकडे काही वाजत नाही. तेराव्यावर थोडं. सोळाव्यावर सगळ्यात जास्त.

म्हणजे थरथर इमारतीची नव्हतीच. वरून खाली उतरत होती.

"गच्चीची किल्ली कुणाकडे?" अनुपमाने विचारलं.

"बिल्डरच्या माणसाकडे," बेसिल म्हणाला. "वर जायचंच नाही म्हणतो. टाक्या आहेत म्हणे."

किल्ली मिळेपर्यंत कोण थांबतंय! बेसिल आणि सहदेवने मिळून कुलूप तोडलं. गच्चीवर पाऊल टाकलं तर वाऱ्याने तिला दारावरच ढकललं. आणि समोर, दक्षिणेच्या कठड्यावर, तिने नकाशात कधीच न पाहिलेली वस्तू उभी होती. दोन माणसांच्या उंचीएवढा पत्र्याचा बोर्ड, बिल्डरच्या पुढच्या टॉवरची जाहिरात, रस्त्याकडे तोंड केलेला. त्याला मागून लोखंडी पोकळ पाइपांचा सांगाडा, आणि सांगाड्याचे पाय थेट कठड्याच्या काँक्रीटमध्ये रोवलेले. पाइपांना जागोजाग बोल्टसाठी भोकं पाडलेली होती. निम्म्यांत बोल्ट घातलेलेच नव्हते.

वारा त्या रिकाम्या भोकांवरून जात होता, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा, आणि पाइप घुमत होते. पत्रा त्यांच्या तालावर थरथरत होता. ती थरथर कठड्यातून खाली, सोळाव्यावर, पंधराव्यावर, आईच्या मांडणीपर्यंत.

अनुपमाने पाइपाला मिठी मारली आणि एका भोकावर तळहात दाबला. आवाज बदलला. दुसऱ्यावर दुसरा हात. तो आणखी बारीक झाला. "बेसिल, तिकडचं! दादा, खालचं!" बेसिलने अंगातला रेनकोट काढून तीन भोकांवर गुंडाळला आणि दोन्ही हातांनी आवळून धरला. सहदेवने रुमाल कोंबले.

हुंकार थांबला.

नुसता वारा राहिला, साधा, पावसाचा, भरभरणारा. तिघं ओलेचिंब होऊन तीन पाइपांना मिठ्या मारून उभे होते. बेसिल आधी हसला. "हा? हा तुमचा देवचार?" तो ओरडला, आणि त्याला हसू आवरेना.

बिल्डरचा माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला आला. गच्ची कराराने आमची आहे म्हणाला. पण खाली सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायका उभ्या होत्या, आणि सर्वांत पुढे सोनूबाई. "काढतंस की आमी काढू?" एवढंच त्या म्हणाल्या. वारा पडलेला बघून वेल्डरांनी बोर्ड कापून उतरवला. कठड्यातली भोकं रांगणेकरांनी सांगितल्याप्रमाणे बुजवून घेतली, दम्याचं औषध खिशात घालून ते मुलुंडहून स्वतः आले होते, आणि परत जाताना अनुपमाला म्हणाले, "इतके दिवस मीही झोपलो नव्हतो, बाई."

पुढच्या वादळी दुपारी लोक आपापल्या घरात कान टवकारून बसले. काही ऐकू आलं नाही. खिडक्या वाजल्या, एवढंच. सोळाव्यावरच्या बाईंनी सगळ्या मजल्यांवर शिरा वाटला.

एथेल टॅक्सीने आली. बेसिलने बॅग उचलली. तिने लिफ्टपाशी अनुपमाला गाठलं.

"ताई, तुम्ही त्या दिवशी 'जा' बोलला असता ना, तर मी आले नसते," ती म्हणाली. "तुम्ही बोललात माहीत नाही, म्हणून विश्वास बसला."

तिला महिन्याने मुलगी झाली आणि पंधराव्या मजल्यावरच्या गॅलरीत तिची लंगोटी वाऱ्यावर फडफडायला लागली.

पण ती पुढची गोष्ट. एथेल आली त्या दिवशी अनुपमाने आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं आणि भात भरपूर खाल्ला आणि तिथेच फरशीवर आडवी झाली. जागी झाली तेव्हा उन्हाची तिरीप आली होती. आई शेजारी झोपली होती, तोंड किंचित उघडं, कितीतरी दिवसांची झोप वसूल करत.

सहदेव तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. रस्त्याच्या कडेला तुंबलेल्या पाण्यात बगळे उतरले होते.

"अनू, खरं सांग. तुला भीती वाटली होती?"

"वाटली होती? दादा, फाटली होती माझी."

"मग तोंडावर तर काही दिसलं नाही!"

"दाखवलं असतं तर तू वर आला असतास माझ्याबरोबर?"

सहदेवने विचार केला. "आलो असतो," तो म्हणाला. मग हसून म्हणाला, "दहाव्यापर्यंत."

ती इतकी हसली की स्टॉपवरची माणसं बघायला लागली. बस आली, तिने ती जाऊ दिली, आणि दोघं आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिली.